बिनतारी गूढसंदेशांची उकल आणि कायदा : परभणी जिल्ह्याच्या अनुषंगाने एक विचार

परभणी जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासात नभोवाणीचा उल्लेख सहसा एकाच प्रसंगापुरता येतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम मीर उस्मान अली खान यांनी डेक्कन रेडिओवरून भाषण केले आणि १३ सप्टेंबरला सुरू झालेली लष्करी कारवाई संपली. तो संदेश सर्वांसाठी होता. ज्याच्या घरी यंत्र असेल त्याने तो ऐकावा आणि ज्याच्याकडे नसेल त्याने शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून ऐकावा, हाच त्याचा हेतू होता. परंतु त्याच पाच दिवसांत त्याच आकाशातून लष्करी तुकड्यांचे संदेशही जात होते. ते कोणी ऐकू नयेत आणि ऐकलेच तर कोणास समजू नयेत अशी पाठविणाऱ्यांची इच्छा होती. पहिल्या प्रकारच्या संदेशांचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. दुसऱ्या प्रकारचे संदेश कोणी त्रयस्थाने ऐकले, किंबहुना त्यांची गूढलिपी उकलली, तर कायद्याच्या दृष्टीने त्याने काय केले, हा प्रश्न मात्र आपल्या इतिहासलेखनात फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. अनेक कंप्रतांवर आपोआप फिरत राहून जेथे आवाज सापडेल तेथे थांबणारे ग्राहकयंत्र, म्हणजे ज्यास व्यवहारात ‘स्कॅनर’ म्हणतात ते, एके काळी महाग आणि दुर्मिळ होते. २०१२ च्या सुमारास असे ध्यानात आले की, दूरचित्रवाणी पाहण्यासाठी संगणकास जोडावयाचा एक स्वस्त तुकडा योग्य आज्ञावलीच्या साहाय्याने सर्वसाधारण ग्राहकयंत्राचे काम करतो. तेव्हापासून ही विद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या आटोक्यात आली. प्रस्तुत लेखकास हा प्रश्न प्रथम एका विद्यार्थ्यानेच विचारला. तो म्हणाला, “सर, आवाज माझ्या खोलीत आपणहून येतो. मी कोणाचे दार उघडले नाही, कोणाची तार तोडली नाही. मग मी चोर कसा?” त्या वेळी दिलेले उत्तर समाधानकारक नव्हते. पुढील विवेचन त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई म्हणून वाचावे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न केल्याने बरीच चर्चा भरकटते. संदेश न समजणे आणि संदेश गुप्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठी वाचकास यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मोडी लिपीतील कागद आज बहुतेकांस वाचता येत नाहीत, म्हणून मोडी ही गुप्तलिपी ठरत नाही. ती शिकलेल्या कोणासही कागद वाचता येतो आणि लिहिणाऱ्याने तो तसाच वाचला जावा म्हणून लिहिलेला असतो. महानुभाव पंथातील सकळ लिपीची गोष्ट वेगळी. चक्रधरांचा संचार गोदातीरी झाला, आणि त्याच गोदेचा काठ आज पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांतून जातो. त्यांच्या अनुयायांनी पुढे आपले ग्रंथ परक्याच्या दृष्टीपासून राखण्यासाठी अक्षरांच्या जागी दुसरी चिन्हे योजली. ही लिपी रवळोव्यासांनी घडविली असे परंपरा सांगते. सुंदरी आदी करून इतरही लिप्या पंथात होत्या. मोडी न वाचता येणे ही वाचकाची उणीव होय. सकळ लिपी न वाचता येणे हा लेखकाचा हेतू होय. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी या लिपीची उकल केली आणि मराठी गद्याचा आरंभकाळ अभ्यासकांस खुला झाला. त्या उकलीस आपण गुन्हा म्हणत नाही, संशोधन म्हणतो. तथापि ज्यांनी ती लिपी घडविली त्यांच्या दृष्टीने ती आगळीक नव्हती, असेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

हाच भेद बिनतारी विद्येत आहे. मोर्सचे कडकट्ट हे मोडीसारखे. शिकले की कळते. आजकालच्या अंकीय बिनतारी संचांतून ऐकू येणारी खरखरही पुष्कळदा मोडीच असते: आवाज अंकांत बदललेला असतो, आणि त्याचे रूपांतर उलट करणारी आज्ञावली लावली की बोलणे ऐकू येते. गूढलेखन तेथून पुढे सुरू होते, जेव्हा ते अंक एखाद्या किल्लीने पुन्हा विस्कटलेले असतात. ही किल्ली भक्कम असेल तर सामान्य स्कॅनर तेथे निरुपयोगी आहे. क्वचित ती कच्ची निघते. युरोपात पोलीस व बंदरे वापरीत असलेल्या ‘टेट्रा’ पद्धतीतील एका गूढलेखन-प्रकाराची ऐंशी अंकस्थानांची म्हणून सांगितलेली किल्ली प्रत्यक्षात बत्तीस अंकस्थानांइतकीच बळकट असल्याचे डच संशोधकांनी २०२३ साली जाहीर केले. म्हणजे उकल ही केवळ कल्पनेतील शक्यता नाही. ती कधी संशोधक करतो, कधी चोर करतो, आणि दोघांची हत्यारे एकच असतात.

आता कायद्याकडे वळू. १८८५ चा भारतीय तारायंत्र अधिनियम अंमलात आला त्या वेळी हर्ट्‌झचे प्रयोग अजून व्हावयाचे होते. त्या अधिनियमाच्या कर्त्यांपुढे संदेश म्हणजे तारेतून जाणारी वस्तू होती आणि तिची चोरी म्हणजे शरीराने करावयाची कृती होती. संदेशाचा मजकूर बेकायदेशीरपणे जाणून घेण्याच्या उद्देशाने तार कचेरीच्या खोलीत घुसणे, हा चोविसाव्या कलमातील गुन्हा. संदेश मध्येच पकडण्याच्या अगर त्याचा मजकूर जाणून घेण्याच्या हेतूने यंत्र, बॅटरी वा तार यांची मोडतोड करणे, ती हलविणे, तिच्याशी छेडछाड करणे अगर तिला स्पर्श करणे, हा पंचविसाव्या कलमातील गुन्हा. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास. सव्विसावे कलम तारखात्याच्या नोकरासाठी होते. या तीनही कलमांत कान हा अवयव नाही. हात आहे, पाय आहे, नोकराची विश्वासघातकी जीभ आहे.

या रचनेची मर्यादा फार पुढे एका मुंबईच्या खटल्यात उघड झाली. आर. एम. मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात मुंबईच्या कॉरोनरवर लाच मागितल्याचा आरोप होता, आणि पोलिसांनी समोरच्या डॉक्टरांच्या संमतीने त्यांच्या दूरध्वनीस ध्वनिमुद्रक जोडून संभाषण टिपले होते. हे पंचविसाव्या कलमाचे उल्लंघन आहे, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली तो फेटाळला: बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या संमतीने मुद्रण केले तर त्यात तारायंत्राशी छेडछाड होत नाही. निर्णयाच्या गुणदोषांत येथे शिरावयाचे नाही. आपल्या दृष्टीने महत्त्व एवढेच की, सत्याऐंशी वर्षांनंतरही वाद यंत्राला हात लागला की नाही याभोवतीच फिरत होता. मग ज्या संदेशाला यंत्रच लागत नाही, जो भिंतीतून पलीकडे जातो, तो ऐकणाऱ्यास पंचविसावे कलम कोठे पकडणार? माझ्या विद्यार्थ्याचा युक्तिवाद १८८५ च्या अधिनियमापुरता बिनतोड होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

किल्लीचा विचार मात्र कायद्याने त्यामानाने लवकर केला. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात, राज्याच्या सुरक्षिततेस अगर हितास बाधक अशा हेतूने गुप्त शासकीय संकेत अगर संकेतशब्द मिळविणे, नोंदणे, प्रसिद्ध करणे वा दुसऱ्यास कळविणे हा गुन्हा ठरविला, आणि त्यास चौदा वर्षांपर्यंत कारावास ठेवला. सामान्य गुपितास तीन वर्षे आणि संकेताच्या किल्लीस चौदा, हे प्रमाण बोलके आहे. महायुद्धातून बाहेर पडलेल्या साम्राज्यास एक चोरलेला संदेश आणि चोरलेली किल्ली यांतला फरक पुरता कळला होता. तथापि हे कलम हेतूवर उभे आहे. निव्वळ कुतूहलाने केलेली उकल त्यात बसेलच असे नाही. शिवाय ते शासकीय संकेतापुरते आहे. सावकाराच्या, व्यापाऱ्याच्या अगर खाजगी कंपनीच्या संकेतास त्याचे संरक्षण नाही.

यानंतरचा टप्पा अत्यंत विलक्षण आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळणे भाग आहे. आज भारतात स्कॅनर बाळगणे वैध की अवैध, हा प्रश्न दीर्घकाळ ज्या कायद्याने ठरविला तो १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम होय. कोणाही अभ्यासकास वाटेल की, तो हेरगिरीच्या अगर राजद्रोहाच्या भयातून जन्मला असावा. वस्तुस्थिती तशी नाही. तो जन्मला दहा रुपयांच्या वसुलीतून. मुंबईस १९२७ च्या जुलैमध्ये इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. श्रोत्याने वर्षास दहा रुपये देऊन परवाना घ्यावा आणि त्यातील मोठा वाटा कंपनीस मिळावा अशी योजना होती. श्रोते परवाना घेईनात. १९३० साली कंपनी बुडाली आणि सरकारने नभोवाणी आपल्याकडे घेतली. पण परवान्याविना ऐकणारे होते तेथेच राहिले. जुन्या अधिनियमाखाली खटला भरावयाचा तर इसमाने यंत्र ‘स्थापन’ केले, ‘चालविले’ हे सिद्ध करावे लागे. बंद दाराआड कोणी काय ऐकले याचा पुरावा आणावयाचा कोठून? तेव्हा सरकारने सरळ मार्ग काढला: यंत्र परवान्याविना जवळ बाळगणे हाच गुन्हा. १ जानेवारी १९३४ पासून तो अंमलात आला. पहिल्या अपराधास शंभर रुपयांपर्यंत दंड, पुढील प्रत्येक अपराधास अडीचशे. प्रक्षेपक बाळगण्यास कारावासाची शिक्षा पुढे दुरुस्तीने आली.

या एका पालटाचे परिणाम दूरगामी झाले. श्रवण हा गुन्हा आहे की नाही हा प्रश्न कायद्याने सोडविला नाही, टाळला. तो कानाशी न जाता पेटीशी जाऊन थांबला. परवाना असलेल्या पेटीवर कोणी काय ऐकावे, ऐकलेल्या गूढ संदेशाचे कागदावर काय करावे, याविषयी अधिनियम मौन धरून आहे. परवान्याच्या शर्तींचा भंग एवढाच काय तो मार्ग उरतो. त्यातील व्याख्याही पाहण्यासारखी आहे. विजेच्या इतर कामांसाठी सर्रास वापरले जाणारे साधन, ते बिनतारी कामासाठी खास घडविलेले वा जुळवून घेतलेले नसेल तर, बिनतारी यंत्र समजू नये असे तीत म्हटले आहे. त्या अर्थाने संगणक हे बिनतारी यंत्र नव्हे. पण त्यास जोडलेला तो अंगठ्याएवढा तुकडा? दूरचित्रवाणीसाठी घडविलेला आणि आज्ञावलीने इतर कंप्रतांसाठी ‘जुळवून घेतलेला’? १९३३ च्या मसुदाकारांनी हे शब्द योजताना यातले काहीही मनात आणले नव्हते, तरी शब्द चपखल बसतात.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने येथे एक गमतीचा तपशील आहे. १९३३ चा अधिनियम ब्रिटिश हिंदुस्थानसाठी होता. परभणी हा हैदराबाद संस्थानातील जिल्हा. मनमाडास गाडीत बसलेल्या प्रवाशाच्या पेटाऱ्यात विनापरवाना ग्राहकयंत्र असते तर मनमाडच्या फलाटावर तो या अधिनियमाचा अपराधी होता. गाडी संस्थानच्या हद्दीत शिरली की हा अधिनियम मागे राहिला, आणि परभणीस उतरताना त्याच्यावर निजाम सरकारचे जे काही नियम असतील त्यांचाच अंमल. नभोवाणीही वेगळी: हैदराबादचे केंद्र १९३५ साली निजाम सरकारने ताब्यात घेतले आणि १९५० साली ते आकाशवाणीत विलीन होईपर्यंत संस्थानचा आवाज संस्थानचाच राहिला. लहरींना मात्र सरहद्द नव्हती. संविधानाने बिनतारी, नभोवाणी व तत्सम साधने हा विषय संघसूचीतील एकतिसाव्या नोंदीत घातला आणि ही दुहेरी व्यवस्था संपली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९९९ साली हिंगोली वेगळा जिल्हा झाला. यांतील कोणत्याही फेरबदलाने या विषयात काही पालटले नाही, कारण अधिकार दिल्लीकडेच होता. ज्यांना टपाल कचेरीतून दरसाल करावयाचे रेडिओ परवान्याचे नूतनीकरण आठवते, त्यांना हे सांगावयास नको. ती पद्धती १९८० नंतरच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने संपली. पण सूट मिळाली ती नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या ग्राहकयंत्रांस, सर्व ग्राहकयंत्रांस नव्हे. नव्या पिढीस वाटते की परवान्याचा काळ गेला. तो गेला, तो फक्त गाणी ऐकणाऱ्यांसाठी.

राज्यकर्ते स्वतः काय करीत होते, हे आता पाहिले पाहिजे. १८८५ च्या अधिनियमाच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या वेळी अगर सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडवून पाहण्याचा अधिकार सरकारास दिला होता. बिनतारीच्या बाबतीत अडविण्याची गरजच नव्हती. ऐकले की झाले. दुसऱ्या महायुद्धात दिल्लीजवळ आनंद पर्वत येथील वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर जपानी लष्कराचे गूढसंदेश उकलण्यात गुंतले होते, आणि १९४३ साली जपानी सेनेच्या जलवाहतुकीचा संकेत फोडण्यात त्याचा वाटा होता. शत्रूच्या संदेशास कोण परवाना विचारतो? पण प्रजेच्या संदेशाविषयीही वृत्ती निराळी नव्हती. १९४२ च्या ऑगस्टअखेरपासून मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्तपणे चालविलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत होता. तो गूढ नव्हता; उलट जितक्यांनी ऐकावे तितके बरे. गुप्त होती ती जागा, आणि ती पुनःपुन्हा बदलली जाई. पोलिसांनी भाषणे ऐकून उतरवून घेतली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला. १९४३ मध्ये न्यायाधीश लोकूर यांच्यासमोरच्या खटल्यात उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

येथे इतिहासकाराच्या अंगावर येणारी एक गोष्ट आहे. काँग्रेस रेडिओवर काय बोलले गेले हे आज आपणांस कळते ते पुष्कळसे त्या पोलिसी टिपणांमुळे. उषा ठक्कर यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ त्याच कागदांवर उभा आहे. ज्याने ऐकले त्याने शिक्षा देण्यासाठी ऐकले. ज्याने जपले त्याने पुरावा म्हणून जपले. आणि साधन मात्र आपणांस मिळाले. पाळतीचे कागद वापरताना संशोधकाने नाक मुरडावे असे मी म्हणत नाही. पण त्या कागदांचा उगम काय, याची नोंद त्याने ठेवावी, आणि स्वतःच्या काळातील पाळतीकडे पाहताना ती आठवावी.

संविधानोत्तर काळात सरकारच्या कानावर मर्यादा आल्या, पण फार सावकाश. १९७२ च्या दुरुस्तीने पाचव्या कलमात कारणे नेमकी केली: देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, अपराधास चिथावणी देण्यास प्रतिबंध. १८ डिसेंबर १९९६ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी चोरून ऐकणे हा खाजगी जीवनावरील गंभीर आघात मानला, आणि गृहसचिवाची लेखी आज्ञा व तिची फेरतपासणी या अटी घातल्या. त्यांना नियमाचे रूप येण्यास २००७ साल उजाडले. मुंबई उच्च न्यायालयाने विनित कुमार प्रकरणात २०१९ साली सी.बी.आय.ला मिळालेल्या अशा तीन आज्ञा रद्द केल्या आणि टिपलेली संभाषणे नष्ट करण्यास सांगितले. हे सर्व निर्णय सरकारच्या ऐकण्याविषयी आहेत. शेजाऱ्याने ऐकले तर काय, याविषयी त्यांत शोधूनही थोडेच सापडते.

‘गूढलेखाची उकल’ हा शब्द आपल्या कायद्यात ठळकपणे आला तो २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमात, आणि तोही उलट्या दिशेने. एकोणसत्तराव्या कलमान्वये अधिकृत यंत्रणेने मागणी केली असता संदेश उकलून देण्यास साहाय्य न करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास आहे. म्हणजे आज्ञा असता उकल न करणे हा अपराध तेथे स्पष्टपणे लिहिला. आज्ञा नसता उकल करणे हा अपराध त्या नावाने कोठेच लिहिला नाही. संगणकजालात अनधिकृत प्रवेश, या शीर्षकाखाली तो बसविता येईल असे कोणी म्हणेल. परंतु आकाशातून आपणहून आलेली लहर टिपून घरच्या संगणकावर उकलणारा मनुष्य कोणाच्या जालात ‘शिरला’ हे दाखविणे कठीण आहे. पुन्हा तीच अडचण: हात कोठे लागला?

अन्यत्र हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविलेला आढळतो. अमेरिकेने १९८६ च्या आपल्या कायद्यात गूढलेखनालाच सीमारेषा मानले. सर्वसामान्य जनतेस सहज उपलब्ध असलेला बिनतारी संदेश ऐकण्यास मुभा, पण जो विस्कटलेला वा गूढलिखित आहे तो ‘सहज उपलब्ध’ नव्हे. पाठविणाऱ्याने कडी लावली असेल तर ती काढणे हा अपराध, दार उघडे ठेवले असेल तर पाहणाऱ्याचा दोष नाही, असा त्याचा सर्वसाधारण न्याय. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीचे सतरावे कलम याहून कडक आहे: सार्वजनिक उपयोगासाठी नसलेले संदेश विनाअधिकार पकडणे आणि त्यांचा मजकूर उघड करणे, या दोहोंस सदस्य राष्ट्रांनी मनाई करावी असे ते सांगते, आणि गूढ व उघड असा भेद करीत नाही. भारत त्या संघाचा सदस्य आहे. तरी देशांतर्गत कायद्यात आपण नव्वद वर्षे पेटीवरच विसंबून राहिलो.

ही स्थिती २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने पालटली. १८८५ व १९३३ चे दोन्ही अधिनियम निरसित करण्याची तरतूद त्यात आहे आणि तो जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अंमलात आणण्यात आला. विनापरवाना रेडिओ उपकरण बाळगणे यास त्याने दिवाणी स्वरूपाच्या दंडाच्या यादीत टाकले. म्हणजे पेटीचा गुन्हा एक पायरी खाली उतरला. त्याच वेळी बेचाळिसाव्या कलमाने संदेश बेकायदेशीरपणे पकडणे हा स्वतंत्र गुन्हा निर्माण केला. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संदेशाच्या व्याख्येत खूण, ध्वनी, चित्र, विदा, सर्व काही येते. तारेची अट नाही, स्पर्शाची अट नाही. खोली, किल्ली, पेटी असा प्रवास करीत कायदा अखेर कानापाशी आला.

मग उकल? विसाव्या कलमात सरकारास दोन वेगळे अधिकार दिले आहेत: संदेश पकडावयास लावणे, आणि तो समजेल अशा स्वरूपात अधिकाऱ्यास उघड करावयास लावणे. विधिमंडळास पकडणे व समजणे यांतला भेद ठाऊक होता हे यावरून दिसते. दंडाच्या कलमात मात्र केवळ पकडणे आहे. याचे दोन अर्थ लावता येतील. एक असा की, उकल ही पकडण्याचीच पुढली पायरी आहे, तिला वेगळे नाव देण्याचे कारण नव्हते. दुसरा असा की, दंडविधायक कलमाचा अर्थ काटेकोर लावावा लागतो, आणि जे लिहिले नाही ते गुन्ह्यात ओढता येत नाही. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे, परंतु एका पुस्तीसह. ‘बेकायदेशीरपणे’ हा शब्द सिद्ध करावयाचा असता उकलीचा प्रयत्न हाच आरोपीविरुद्धचा सर्वांत जड पुरावा ठरेल. यंत्र फिरविताना एखादा आवाज कानी पडला असे म्हणणाऱ्यावर न्यायाधीश विश्वास ठेवील; किल्ली शोधण्यात रात्री घालविल्या आणि तरी संदेश सहज कानी पडला, असे म्हणणाऱ्यावर ठेवणार नाही.

त्या विद्यार्थ्यास अखेर जे सांगितले ते असे. आकाशवाणी ऐक, हौशी बिनतारीवाल्यांचे बोलणे परवाना काढून ऐक आणि बोल. त्यांना गूढलेखनाची बंदीच आहे, तेव्हा तेथे लपविण्यासारखे काही नाही. पोलिसांच्या कंप्रतेवर खरखर ऐकू आली तर ती मोडी आहे की सकळ लिपी, हे तुला प्रथम कळणारही नाही. पण कायद्याने तुला विचारण्याची वेळ आली तर तुझ्या संगणकावर कोणती आज्ञावली होती यावरून तो ते ठरवील. आणि ज्या किल्लीचा अभ्यासच करावयाचा आहे, ती स्वतःच्या दोन संचांत, स्वतःच्या संदेशांवर, परवाना घेऊन तपास. त्यावर तो म्हणाला की परवान्याच्या परीक्षेची माहिती मिळवितो. पुढील सत्रात तो मोर्सची लिपी शिकू लागला होता.